महिला आशियाई चषक

आशियातील राष्ट्रीय महिला फुटबॉल संघांची अजिंक्यपद स्पर्धा. सध्या ती आशियाई फुटबॉल महासंघ (एएफसी) दर चार वर्षांनी भरवतो. 1991 पासून महिला विश्वचषकात आशियातून कोण जाणार, हे बहुतेक वेळा याच स्पर्धेत ठरत आले आहे. त्यामुळे विश्वचषकाची जागा ठरवणाऱ्या सामन्याला अनेकदा अंतिम सामन्याहून अधिक धार असते.

पहिली स्पर्धा 1975 मध्ये हाँगकाँगला झाली. ती एएफसीने नव्हे, तर आशियाई महिला फुटबॉल महासंघ या स्वतंत्र संघटनेने भरवली होती. ही संघटना आशियाबाहेरच्या संघांनाही खेळू देई. म्हणूनच आशियाच्या पहिल्या विजेत्यांच्या जागी न्यूझीलंडचे नाव आहे! 1986 मध्ये ही संघटना एएफसीत विलीन झाली.

भारताची सर्वोत्तम कामगिरी या जुन्या पर्वातली. 1979 ची म्हणून नोंदलेली स्पर्धा प्रत्यक्षात जानेवारी 1980 मध्ये केरळात कोळिकोड येथे झाली. यजमानांनी दोन संघ उतरवले आणि त्यांतला एक अंतिम फेरीत तैवानकडून हरला. 1981 मध्ये तिसरा क्रमांक आणि 1983 मध्ये थायलंडकडून हरून पुन्हा उपविजेतेपद मिळाले. त्या काळी देशातील महिला फुटबॉलचा कारभारही अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे नव्हता, हे विशेष.

1986 ते 1999 या काळात चीनने सलग सात विजेतेपदे मिळवली. पुढे उत्तर कोरियाने तीनदा चषक जिंकला. एएफसीत नव्याने आलेल्या ऑस्ट्रेलियाने 2010 मध्ये बाजी मारली. जपानची गोष्ट उलटी : तो 2011 मध्ये जगज्जेता झाला, आशियाई विजेता मात्र त्यानंतर, 2014 मध्ये.

2022 ची स्पर्धा नवी मुंबई, मुंबई आणि पुणे येथे झाली. संघसंख्या आठवरून बारा झाली होती. भारताने इराणशी गोलशून्य बरोबरी साधली, पण करोनाच्या लागणीमुळे तैवानविरुद्ध किमान तेरा खेळाडूही उभे करता आले नाहीत. नियमानुसार यजमानच स्पर्धेबाहेर गेले आणि बरोबरीचा तो सामनाही रद्दबातल ठरला. बालेवाडीत फिलिपाईन्सने तैवानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून प्रथमच विश्वचषक गाठला. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरील अंतिम सामन्यात चीन मध्यंतराला दोन गोलांनी मागे होता. उत्तरार्धात त्याने बरोबरी साधली, भरपाई वेळेत शाओ युयीने तिसरा गोल केला आणि दक्षिण कोरिया 3-2 असा हरला. चीनचे हे नववे विजेतेपद.

2026 च्या स्पर्धेचे यजमानपद ऑस्ट्रेलियाकडे गेले. जुलै 2025 मध्ये चिआंग माई येथे भारताने थायलंडला 2-1 असे हरवले. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी जिंकून या स्पर्धेत दाखल होण्याची भारताची ही पहिलीच वेळ होती.