व्हाइटचॅपल खूनप्रकरणाचा तपास

लंडनच्या ईस्ट एंडमधे एप्रिल १८८८ ते फेब्रुवारी १८९१ या काळातल्या ११ बायकांच्या मृत्यूंचा पोलिस तपास. जॅक द रिपर हे नाव याच प्रकरणातलं. ११ पैकी एकाच माणसाने मारलेल्या किती, यावर एकमत नाही. पाचचा आकडा रूढ झाला तो मुख्यतः पोलिस अधिकारी मेलव्हिल मॅकनॉटन यांच्या १८९४ च्या टिपणावरून, आणि ते पोलिसात आले १८८९ मधे, म्हणजे त्या पाच खुनांनंतर. पोलिसांचे डॉक्टर थॉमस बाँड यांच्या नोव्हेंबर १८८८ च्या अहवालातही पाचच आहेत, पण बाँडनी त्यातल्या फक्त मेरी केलीचा मृतदेह स्वतः पाहिला होता, बाकी चौघींबद्दल कागद वाचून मत दिलं, त्यामुळे ११ पैकीच असलेल्या मार्था टॅब्रमला (खून ७ ऑगस्ट १८८८) या पाचांच्या यादीबाहेर ठेवू नये हे म्हणणं जास्त पटतं.

तपासाचा भर चौकशीवर होता. घरोघर ८०,००० पत्रकं वाटली, लॉजिंग हाऊसमधल्या (रात्रीपुरती भाड्याने खाट देणारी स्वस्त घरं) सुमारे २,००० लोकांना विचारलं, ७६ खाटीक आणि कत्तलखानेवाल्यांकडे जाऊन आले. बोटांचे ठसे स्कॉटलंड यार्डात आले १९०१ ला, म्हणजे घटनास्थळ जपायची सवयच लागलेली नव्हती. पाचांपैकी एक असलेल्या मेरी ॲन निकोल्सचे कपडे शवागारात वर्कहाऊसच्या (गरिबांना काम देऊन ठेवून घेणारी सरकारी संस्था) माणसांनी उतरवले, अंग धुतलं, तेही पोलिसांच्या सूचनेशिवाय. तिची ओळख पटायला सुरुवात झाली ती पेटीकोटवरच्या लॅम्बेथ वर्कहाऊसच्या शिक्क्यावरून! नवरा, बाप, पाच मुलं असलेल्या बाईची ही अवस्था.

सगळ्यात वादाचं प्रकरण गोल्स्टन स्ट्रीटचं. ३० सप्टेंबर १८८८ ला पहाटे २.५५ वाजता कॉन्स्टेबल लाँगला तिथे, त्याच रात्री खून झालेल्या कॅथरीन एडोजच्या ॲप्रनचा रक्ताळलेला तुकडा सापडला, वर भिंतीवर खडूने ज्यूंबद्दल एक वाक्य होतं. लाँगच्या मते २.२० च्या फेरीत तुकडा तिथे नव्हता, आणि तिचं प्रेत तर मायटर स्क्वेअरमधे १.४५ च्या सुमारास सापडलेलं, मग मधला वेळ खुनी कुठे होता? हा प्रश्न अजून मोकळाच आहे. एडोजचा खून सिटी पोलिसांच्या (लंडनच्या जुन्या मध्यभागाचं वेगळं दल) हद्दीतला, तुकडा मेट्रोपॉलिटनच्या (बाकी लंडनचे पोलिस) हद्दीत. सिटीवाल्यांना वाक्याचा फोटो हवा होता, पण उजाडल्यावर ज्यूविरोधी दंगल होईल या भीतीने मेट्रोपॉलिटनचे कमिशनर चार्ल्स वॉरेन यांनी साडेपाचच्या सुमारास ते पुसायला लावलं. दोन पोलिसांनी टिपलेले शब्द जुळत नाहीत. वाक्य खुन्यानेच लिहिलं असं गृहीत धरू नये, तुकडा मात्र पक्का पुरावा आहे.

सप्टेंबर १८८९ मधे पिंचिन स्ट्रीटला सापडलेलं धडही याच फाइलमधे आहे. त्या बाईची ओळख पटली नाही.