हॅगिसचे ताट आणि माल्टचा प्याला : एका जेवणाची पार्श्वभूमी

एडिनबरा किंवा ग्लासगो येथे ‘पारंपरिक स्कॉटिश जेवण’ मागवले की आधी धुरावलेल्या हॅडॉक माशाचे, दूध-बटाट्याचे कलन स्किंक नावाचे सूप येते. मग कुस्करलेले सलगम आणि बटाटे यांच्यासह हॅगिस (मेंढीच्या अंतर्गत अवयवांचे ओट घातलेले मिश्रण), शेवटी ओट, साय, मध आणि रासबेरी यांचे क्रॅनॅकन, आणि या सगळ्यासोबत सिंगल माल्ट (म्हणजे एकाच भट्टीत, माल्टपासून अर्थात मोड आणलेल्या जवापासून गाळलेल्या) व्हिस्कींचे स्वतंत्र कार्ड हाती दिले जाते. यातले बहुतेक पदार्थ जुने आहेत. मात्र ते बाहेर जाऊन, टेबलावर बसून, माल्टच्या साथीने खाण्याची रीत जेमतेम अर्ध्या शतकाची आहे. ताट आणि प्याला एकत्र यायला इतका वेळ का लागला, याचे उत्तर स्वयंपाकघरापेक्षा परवाने, कर आणि खटले यांच्या कागदपत्रांत अधिक सापडते.

व्हिस्कीच्या पूर्वजाची पहिली लेखी नोंद १४९४ सालच्या राजकोशाच्या हिशेबात मिळते. स्कॉटलंडच्या संसदेने मद्यावर पहिला अबकारी कर १६४४ साली बसवला, आणि पुढची जवळजवळ दोन शतके डोंगराळ भागातील भट्ट्या आणि अबकारी अधिकारी यांचा लपंडाव चालू राहिला. १८२३ च्या कायद्याने दहा पौंडांच्या वार्षिक परवान्यावर गाळप करण्याची मुभा दिली, तेव्हा कुठे चोरून गाळण्यापेक्षा उघड गाळणे परवडू लागले. हा काळ पर्यटनाच्या पुस्तिकांत फार रंगवून सांगितला जातो. आजच्या टेबलावर काय येते हे मात्र त्यानंतरच्या घडामोडींनी ठरवले.

त्यांपैकी पहिली घडामोड पिण्याच्या वेळांची. १८५३ च्या कायद्याने स्कॉटलंडमधील दारूचे गुत्ते रविवारी बंद ठेवले आणि इतर दिवशी रात्री अकराची मर्यादा घातली. रविवारी मद्य मिळे ते फक्त हॉटेलात, आणि तेही ‘खऱ्याखुऱ्या प्रवाशाला’. त्यामुळे शेजारच्या गावी जाऊन हॉटेलच्या वहीत नाव लिहायचे आणि प्रवासी म्हणून प्याला मिळवायचा, ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालली. १९१३ च्या कायद्यानुसार गावाने मतदान करून दारूबंदी लागू करण्याचीही सोय झाली. उत्तरेकडील विक हे मासेमारीचे गाव १९२२ ते १९४७ असे पाव शतक कोरडे राहिले. एकीकडे जेवण न देणारा गुत्ता आणि दुसरीकडे मद्य न देणारी ग्लासगोची सुबक चहागृहे, अशी वाटणी झाली. हॉटेलांना सगळ्यांसाठी रविवार खुला झाला तो १९६२ मध्ये, आणि साध्या पबना १९७६ च्या कायद्यानंतर.

दुसरी घडामोड मात्र जास्त गुंतागुंतीची आहे, आणि तिचा परिणाम आजही प्रत्येक बाटलीच्या लेबलवर दिसतो. १८३० च्या सुमारास पेटंट मिळालेल्या अखंड चालणाऱ्या भट्टीमुळे मका किंवा इतर धान्यापासून स्वस्त, हलका आणि जवळजवळ बेचव मद्यार्क मुबलक निघू लागला. तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये प्रत्येक घाणा वेगळा भरावा, गाळावा आणि रिकामा करावा लागतो. या नव्या उंच स्तंभात मात्र एका बाजूने आंबवण सोडले की दुसऱ्या बाजूने मद्यार्काची धार थांबतच नाही. १८६० च्या कायद्याने कर भरण्यापूर्वीच गोदामात माल्ट आणि ग्रेन (म्हणजे या नव्या भट्टीतला धान्याचा मद्यार्क) मिसळण्याची परवानगी दिली. त्याच सुमारास द्राक्षवेलींवरील किडीने फ्रान्सची ब्रँडी दुर्मीळ होऊ लागली, आणि लंडनच्या बैठकांतील ती जागा मिश्र स्कॉचने पटकावली.

प्रश्न असा निर्माण झाला की हे मिश्रण व्हिस्की म्हणावे काय. लंडनच्या इस्लिंग्टन भागातील स्थानिक प्रशासनाने १९०५ साली दोन दुकानदारांवर खटले भरले. ग्राहकाने मागितली ती वस्तू त्याला दिली नाही, असा आक्षेप भेसळविरोधी कायद्याखाली घेतला होता, कारण बाटलीत माल्टचा अंश किरकोळ आणि पेटंट भट्टीचा मद्यार्कच भरपूर होता. १९०६ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी दुकानदारांना दोषी ठरवले. अपिलात न्यायपीठाची मते समसमान विभागली गेली आणि निकालच लागला नाही. अखेर १९०८ मध्ये शाही आयोग (रॉयल कमिशन) नेमण्यात आला. शंभराहून अधिक साक्षीदार तपासून १९०९ च्या जुलैत त्याने सांगितले की, माल्टमधील द्रव्याने शर्करायुक्त केलेल्या धान्याच्या आंबवणातून गाळलेला मद्यार्क म्हणजे व्हिस्की, आणि असा मद्यार्क स्कॉटलंडमध्ये गाळला तर तो स्कॉच. भट्टीचा प्रकार, माल्टचे किमान प्रमाण, मुरवण्याचा किमान काळ, यांपैकी कशाचेही बंधन आयोगाने घातले नाही.

माल्टवाल्यांच्या बाजूने पाहिले तर हा निकाल व्यापाऱ्यांना दिलेली मोकळीक होती, आणि तो तसा होता असे म्हणण्यास जागा आहे. ग्राहक ज्या चवीच्या कीर्तीवर पैसे मोजत होता, ती चव बाटलीत किती असावी हे आयोगाने उघडे ठेवले. दुसरी बाजू अशी की मिश्र व्हिस्कीच्या मागणीवरच अनेक लहान माल्ट भट्ट्या तगल्या, कारण त्यांचा जवळजवळ सगळा माल मिश्रण करणारेच विकत घेत. मुरवण्याची अट आली तीही चवीच्या काळजीपोटी नव्हे. महायुद्धात दारूबंदीच्या मागणीवर तडजोड म्हणून १९१५ मध्ये आधी दोन आणि लगेच पुढे तीन वर्षांची सक्ती झाली.

माल्ट स्वतःच्या नावाने स्कॉटलंडबाहेर नेटाने विकली जाऊ लागली ती १९६० च्या दशकात. २००३ साली व्याख्येचा वाद पुन्हा पेटला. स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातील एका प्रसिद्ध सिंगल माल्टचा साठा मागणीला पुरेना, तेव्हा मालकांनी नाव आणि बाटली तीच ठेवून आत अनेक भट्ट्यांच्या माल्टचे मिश्रण भरले आणि ‘सिंगल’ च्या जागी ‘प्युअर’ असा शब्द छापला. कायद्याने यात गैर काही नव्हते, पण प्रतिस्पर्ध्यांनी गदारोळ केला आणि माल मागे घ्यावा लागला. २००९ च्या नियमांनी तो शब्दच हद्दपार करून पाच प्रकार ठरवून दिले. आज व्हिस्की कार्डावर दिसणारे ‘ब्लेंडेड माल्ट’ हे अवघड नाव त्या तडजोडीतून आले. त्यात ग्रेन थेंबभरही नसते, तरी अनेक जण ते ‘ब्लेंडेड स्कॉच’ समजूनच मागवतात.

ताटाची बाजू याच काळात सावरली. हॅगिस हे मेंढीचे यकृत, हृदय, फुफ्फुस, ओट आणि चरबी यांचे घरगुती आणि खाटकाच्या दुकानातले अन्न. स्कॉटलंडचा राष्ट्रकवी रॉबर्ट बर्न्स याच्या जयंतीला, २५ जानेवारीला, त्याचा मान असे. शहरी मेजवान्यांत मात्र फ्रेंच पाककृतींचीच चलती होती. ग्लासगोच्या पश्चिम भागात १९७१ साली उघडलेल्या एका उपाहारगृहाने स्कॉटिश मासे, हरणाचे मांस आणि हॅगिस नाव घेऊन मेनूवर मांडले, आणि त्याच दशकात पर्यटन खात्यानेही स्थानिक पदार्थांचा पुरस्कार सुरू केला. शाकाहारी हॅगिस १९८४ मध्ये बाजारात आले. हॅगिसवर ओतला जाणारा सायीचा व्हिस्की सॉस ही तर उपाहारगृहांचीच देणगी आहे. ग्लासगोतील भारतीय हॉटेलांनी हॅगिसची भजी करून तीही ‘पकोडा’ नावाने रुजवली.

भारताचा संबंध तेवढ्यावर संपत नाही. बंगळुरूची एक सिंगल माल्ट २००४ साली प्रथम ग्लासगोतच विक्रीस आली आणि गोव्यात गाळलेली दुसरी २०१२ साली ब्रिटनमध्येच प्रथम उतरली. दोन्ही जवाच्या असल्याने नावाला हरकत नव्हती. उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्काची गोष्ट निराळी, कारण तो धान्याचा नसतो. २०२५ च्या भारत-ब्रिटन करारात स्कॉचवरील १५० टक्के आयातशुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरले. त्याचा लाभ बाटलीबंद मालाइतकाच पिंपांतून येणाऱ्या स्कॉचलाही मिळणार आहे, आणि त्यातली बरीचशी इथल्या मळीच्या मद्यार्कात मिसळली जाते. ते मिश्रण महाराष्ट्रात व्हिस्की म्हणून सर्रास विकले जाते. एडिनबराच्या व्हिस्की कार्डावर मात्र ते त्या नावाने लावता येत नाही.