बोंडअळी मारायची, मधमाशी नाही

ऑगस्टच्या सुमारास यवतमाळ-वर्ध्याकडच्या कपाशीत काही फुलं उमलतच नाहीत. पाकळ्या एकमेकींत गुरफटून मिटलेल्या राहतात. शेतकरी अशा कळीला डोमकळी म्हणतात. ती सोलून पाहिली की आत गुलाबी बोंडअळीची लहानगी अळी सापडते. पुढे हीच अळी बोंडात शिरते, मागचं छिद्र बुजून जातं आणि वरून मारलेली फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. 2002 साली अळीला मारणारं प्रथिन स्वतःच बनवणारी बीटी कपाशी आली, 2006 साली दोन जनुकांची बीटी आली आणि या अळीने दोन्ही पचवल्या. 2017 च्या हंगामात विदर्भाने तिचा तडाखा सोसला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. म्हणून फक्त या अळीला लागेल आणि दुसऱ्या कुणालाच लागणार नाही असं औषध शोधणं, हा आमच्याकडे जिवाचा प्रश्न आहे.

अशा औषधाची एक वाट आरएनएमधून जाते. पेशीतलं जनुक म्हणजे तहसील कार्यालयातला मूळ सातबारा समजा. पेशी रोजचं काम त्याच्या नकलेवर चालवते. ही नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए. ती ए, यू, जी आणि सी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली असते. त्या नकलेशी जुळणारा दुहेरी धाग्याचा आरएनए पेशीत शिरला, तर ‘डायसर’ नावाचं प्रथिन त्याचे साधारण 21 अक्षरी तुकडे करतं. त्यातला एक धागा ‘आर्गोनॉट’ हे प्रथिन धरून ठेवतं, जुळणारी नक्कल शोधतं आणि कापून टाकतं. जनुक शाबूत राहतं, पण त्याचं प्रथिन बनणं थांबतं. ते प्रथिन जगण्याला आवश्यक असलं, तर अळी मरते. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी 1998 मध्ये एका सूक्ष्म कृमीत हे दाखवून दिलं. 2006 चं नोबेल त्यांना त्याच कामासाठी मिळालं. या छोट्या तुकड्यांना एसआयआरएनए म्हणतात.

आता निवडीचा प्रश्न. अळीच्या एखाद्या जनुकाची नक्कल 1500 अक्षरांची असेल, तर एकेक अक्षर पुढे सरकत तिच्यात 21 अक्षरांचे 1480 तुकडे पडतात. त्यातले सगळे सारखे चालत नाहीत. जी आणि सी या अक्षरांचं प्रमाण साधारण 30 ते 52 टक्क्यांच्या आत असावं, कारण जास्त झालं की दोन धागे सुटता सुटत नाहीत. सलग चार जी नकोत. दोन धाग्यांपैकी आर्गोनॉट कोणता उचलणार, हे ज्या टोकाची वीण सैल आहे त्यावर ठरतं. म्हणून नकलेतल्या त्या तुकड्याच्या शेवटी ए आणि यू असलेले बरे, जी-सीची गर्दी नको. शिवाय नक्कल स्वतःवरच दुमडून बसते. दुमडीत दडलेल्या जागेपर्यंत तुकडा पोचत नाही, तेव्हा ‘आरएनएपीएलफोल्ड’ हे सॉफ्टवेअर वापरून उघड्या जागा हुडकाव्या लागतात.

हे हाताने करणं अशक्य. संकेतस्थळांवर एकेक जनुक चिकटवून करता येतं, पण मला कमांड लाइनच, म्हणजे आज्ञा टाइप करून संगणक चालवणंच, योग्य वाटते. ‘एम्बॉस’ या मोफत सॉफ्टवेअर-संचात यासाठीच एक आज्ञा आहे: नकलेची फाइल द्या, ती तुकड्यागणिक गुण मांडून यादी काढते. जनुकसंचांच्या, म्हणजे त्या-त्या जीवाच्या संपूर्ण जनुकीय मजकुराच्या, फाइली एकदा उतरवून घेतल्या की पुढे नेट लागत नाही. साधा लॅपटॉप, त्यावर लिनक्स ही मोफत संगणक-प्रणाली, एवढं पुरतं. भारनियमनाच्या गावात बॅटरीवरही काम होतं. आणि सगळ्या आज्ञा एका फाइलीत लिहून ठेवता येतात, त्यामुळे पुढच्या वर्षी कुणीही तीच चाळणी जशीच्या तशी पुन्हा लावू शकतो.

खरी कसोटी यानंतर येते. निवडलेला तुकडा मधमाशी, ढालकिडा आणि क्रायसोपा हे मित्रकीटक, तसंच माणूस यांच्या आरएनएशी जुळतो का, हे पाहायचं असतं. त्यासाठी सहसा अक्षरांची जुळणी शोधणारं ‘ब्लास्टएन’ वापरतात, आणि नेमका इथे एक धोका आहे. काही न सांगता चालवलं तर हे सॉफ्टवेअर सलग 28 अक्षरं जुळल्याशिवाय साम्य मोजायला सुरुवातच करत नाही. आपला तुकडा 21 अक्षरांचा! मग मधमाशीत तो तंतोतंत असला तरी निकाल कोरा येतो, आणि नवशिक्याला वाटतं की औषध सुरक्षित आहे. ‘ब्लास्टएन-शॉर्ट’ असं स्पष्ट सांगितलं की सुरुवात 7 अक्षरांपासून होते. म्हणून चाळणी लावण्याआधी मधमाशीच्याच आरएनएतला एक तुकडा मुद्दाम टाकून पाहावा. तो सापडला, तरच पुढच्या कोऱ्या निकालाला अर्थ आहे.

उलट बाजूही पाहा. 21 अक्षरांचे शब्द 4.4 लाख कोटींच्या आसपास होतात, त्यामुळे पूर्ण शब्द योगायोगाने जुळणं दुर्मीळ. 7 अक्षरांचे शब्द मात्र फक्त 16,384. मधमाशीचा जनुकसंच 20 कोटी अक्षरांहून मोठा आहे. त्यात असा एखादा शब्द सरासरी 12 हजारांवर ठिकाणी निघणारच. धाग्याच्या दुसऱ्या ते आठव्या अक्षरांची जुळणी काही वेळा दुसरंच जनुक मंदावते, म्हणून ती दुर्लक्षून चालत नाही. पण प्रत्येक जुळणीला घाबरून तुकडा फेकला, तर हातात काहीच उरणार नाही. किती जुळणी खपवून घ्यायची, हे माणसालाच ठरवावं लागतं.

किडींना प्रत्यक्षात सुटा तुकडा नव्हे, दुहेरी आरएनएचा लांब धागाच खाऊ घालतात. अमेरिकेत मक्याच्या मुळं खाणाऱ्या किडीविरुद्ध वापरलेला धागा 240 अक्षरी आहे. त्याचे 21 अक्षरी 220 तुकडे होऊ शकतात, म्हणजे चाळणी 220 वेळा. बटाट्यावरच्या कोलोरॅडो भुंग्यासाठी फवारणीचं औषधही तिथे 2023 च्या अखेरीस मंजूर झालं. पण हे दोन्ही भुंगेरे. बोंडअळी पतंगवर्गातली, आणि पतंगांच्या अळ्यांच्या आतड्यातले पाचकरस असा आरएनए झपाट्याने तोडतात. संगणकावर अव्वल ठरलेला तुकडा तिथे निकामी होऊ शकतो.

म्हणून प्रयोगात अळ्यांचा आणखी एक गट ठेवतात. त्यांना जेलीफिशच्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाशी जुळणारा धागा खाऊ घालतात. हे जनुक अळीत नसतंच. दोन्ही गटांत अळ्या सारख्याच मेल्या, तर आपल्या तुकड्याला श्रेय देता येत नाही. आणि हा तुलनेचा धागासुद्धा बोंडअळीच्या जनुकसंचावर त्याच आज्ञांनी आधी तपासून घ्यावा लागतो.