जुनी थकबाकी आणि अमेरिकेतील सुरक्षा मंजुरी

अमेरिकी सरकारची गोपनीय माहिती हाताळण्याची परवानगी म्हणजे सिक्युरिटी क्लिअरन्स. ती द्यायची की नाही हे ठरवताना अर्जदाराची देणी तपासली जातात. ८ जून २०१७ पासून लागू असलेल्या ‘सीड-४’ (सिक्युरिटी एक्झिक्युटिव्ह एजंट डिरेक्टिव्ह ४) या सरकारी निर्देशात पात्रतेची १३ मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांपैकी ‘एफ’ हे आर्थिक बाबींचे. कर्जात बुडालेला माणूस पैशासाठी फितूर होऊ शकतो, ही भीती अनुभवातून आलेली आहे. सीआयएचा अधिकारी ऑल्ड्रिच एम्स १९८५ मध्ये कर्जाने बेजार होऊन सोव्हिएतांकडे गेला. पहिल्या माहितीचे त्याला ५०,००० डॉलर मिळाले. पण बहुतेक प्रकरणांत प्रश्न हेरगिरीचा नसतो. स्वतःची देणी न पाळणारा माणूस गोपनीयतेचे नियम पाळेल का, एवढेच तपासले जाते.

मंजुरीसाठी भरायच्या एसएफ-८६ या अर्जाच्या २६व्या विभागात दिवाळखोरी, न भरलेला कर, वसुली एजन्सीकडे गेलेली खाती आणि १२० दिवसांहून अधिक थकलेली देणी विचारली जातात. बहुतेक प्रश्न मागील ७ वर्षांचे असतात. फेडलेले कर्जही त्या काळात थकलेले असेल, तर लिहावेच लागते. मुद्दाम लपवले तर ‘ई’ तत्त्वाखाली अप्रामाणिकपणाचा वेगळा आक्षेप येतो. तो थकबाकीपेक्षा निस्तरायला कठीण असतो.

रक्कम फिटली की आक्षेप आपोआप मिटला, असे होत नाही. थकबाकी कशामुळे झाली, फेड केव्हा सुरू झाली आणि कागद काय सांगतात, हे पाहिले जाते. नोकरी जाणे, आजारपण, घटस्फोट, ओळखचोरी ही कारणे ग्राह्य आहेत. मात्र त्या काळात अर्जदार जबाबदारीने वागला, हे दिसले पाहिजे. सगळे कर्ज संपलेच पाहिजे अशी अटही नाही. झेपेल अशी योजना आणि तिच्याप्रमाणे काही महिने न चुकता भरलेले हप्ते पुरेसे ठरू शकतात. नुसते ‘पुढे भरीन’ हे आश्वासन मात्र जवळजवळ निरुपयोगी.

सर्वांत जास्त फसगत होते ती क्रेडिट रिपोर्टमुळे. थकलेले खाते साधारण ७ वर्षांनी रिपोर्टमधून गळते, वसुलीचा दावा मुदतबाह्य होतो, किंवा बँक ते बुडीत धरून निर्लेखित करते. यांपैकी काहीही झाले तरी कर्जदाराने फेडीचा प्रामाणिक प्रयत्न केला, असे मानले जात नाही. धनकोने ६०० डॉलर वा अधिक रक्कम माफ करून १०९९-सी हा कर्जमाफीची नोंद असलेला कर-फॉर्म पाठवला, तर ती बहुधा करपात्र उत्पन्नात धरावी लागते. ते विसरले की कर्जाच्या जागी कराची थकबाकी उभी राहते. कराच्या बाबतीत तपास अधिक कडक असतो. विवरणपत्र न भरणे हे स्वतंत्र कारण आहे, भरणा बाकी असो वा नसो.

दिवाळखोरीने मंजुरी आपोआप जात नाही. दिवाळखोरी कायद्याच्या तेराव्या प्रकरणाखाली ३ ते ५ वर्षांची परतफेड योजना असते आणि तिचे हप्ते नियमित भरल्याची नोंद अर्जदाराच्या बाजूने बोलते. कर्जतडजोड करून देणाऱ्या काही खासगी कंपन्या आधी हप्ते थांबवायला सांगतात, त्यामुळे थकबाकी वाढते. त्यापेक्षा ना-नफा तत्त्वावरील ऋणसमुपदेशन बरे. निर्देशातही त्याचा उल्लेख आहे.

संरक्षण कंत्राटदाराच्या कर्मचाऱ्याला आक्षेपांचे निवेदन आले, तर २० दिवसांत प्रत्येक आरोप मान्य की अमान्य ते लेखी कळवावे लागते आणि सुनावणी हवी की कागदांवर निर्णय, हेही सांगावे लागते. निवेदन हाती पडल्यावर घाईने केलेल्या भरण्याला कमी वजन मिळते, म्हणून फेड अर्जाआधी सुरू झालेली बरी. खातेनिहाय पावत्या, तडजोडीचे पत्र, शून्य शिल्लक दाखवणारे पत्र, बँक विवरण आणि मासिक जमाखर्च जोडावा. अपिलात नवा पुरावा घेतला जात नाही; राहून गेलेली पावती तिथे कामी येत नाही.

मंजुरी मिळाल्यावरही सतत पडताळणी चालू राहते. मंजुरीसाठी अमेरिकेचे नागरिकत्व लागते. ते घेतलेल्या मराठी माणसाच्या पुण्यातल्या किंवा नाशिकमधल्या फ्लॅटची माहिती परदेशी मालमत्तेच्या विभागात द्यावी लागते.