मेटल डिटेक्टर : खोलातल्या वस्तूंसाठी आवाजाची सेटिंग

जमिनीत खोल गेलेल्या छोट्या धातूच्या वस्तूचा अगदी बारीक आवाजही कानाला कळावा म्हणून मेटल डिटेक्टरचा थ्रेशोल्ड (मागची सततची गुणगुण), ऑडिओ गेन (आवाजाची वाढ), टोन, रिकव्हरी स्पीड (एका वस्तूनंतर दुसरीसाठी मशीन किती लवकर तयार होतं तो वेग) वगैरे जुळवून घ्यायची पद्धत. आजकाल मशीनला स्क्रीन असते आणि नवीन माणूस सगळा वेळ स्क्रीनवरच्या नंबरकडेच (वस्तू कोणत्या धातूची असावी याचा मशीनचा अंदाज) बघत बसतो, पण खोल वस्तूचा नंबर एकतर येतच नाही किंवा लोखंडाकडे सरकलेला येतो, कान मात्र त्याच्या आधी ओळखतो. म्हणून इथे कानालाच पहिला मान.

ही कानाने शोधायची रीत नेमकी कधी सुरू झाली यावर एकमत नाही. काही जण ती जर्मन शास्त्रज्ञ डोव्हेच्या १८४० च्या दशकातल्या इंडक्शन बॅलन्सपर्यंत (धातू जवळ आला की तारेच्या वेटोळ्यांमधला विजेचा तोल ढळतो, अशा यंत्रापर्यंत) मागे नेतात, पण आवाजाचा मुद्दा धरला तर १८७९ च्या सुमारास डेव्हिड ह्यूजने त्याच तत्त्वाला टेलिफोनचा रिसीव्हर जोडला तिथून मोजणं जास्त बरोबर वाटतं. २ जुलै १८८१ ला अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली आणि ती शरीरात कुठे अडकलीय हे शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेलने असंच यंत्र वापरलं, कानाला रिसीव्हर लावून, पण गोळी काही सापडली नाही. का सापडली नाही यावर अजून वाद आहे. एक मत असं की गादीखालच्या पोलादी तारांनी गोंधळ केला, दुसरं असं की डॉक्टरांनी फक्त उजवी बाजूच तपासू दिली. शवविच्छेदनात गोळी मणक्याच्या डावीकडे निघाली, त्यामुळे दुसऱ्या मताला वजन जास्त, पण तारांची गोष्ट सोडून देता येत नाही, कारण जवळचं मोठं लोखंड खोलातला बारीक आवाज झाकून टाकतं हा प्रकार आजच्या मशीनमध्येही तसाच आहे. पेटंटबद्दलही असंच, मेटल डिटेक्टर बनवणाऱ्या गेरहार्ड फिशरचं १९३७ चं पेटंट सगळ्यांना माहीत असतं, पण इंडियानातल्या शर्ल हरला १९२८ मध्येच पेटंट मिळालेलं होतं. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी कोसात्स्कीच्या बनावटीचे सुरुंगशोधक आले, तेही हेडफोन लावूनच वापरायचे.

मधल्या काळातल्या बीएफओ (बीट फ्रिक्वेन्सी ऑसिलेटर) मशीनमध्ये दोन ऑसिलेटरच्या, म्हणजे कंपनं तयार करणाऱ्या सर्किटच्या, कंपनांतल्या फरकाचा आवाज ऐकू यायचा आणि जाणकार लोक तो मुद्दाम खूप हळू, टकटक येईल इतका खाली ठेवायचे, कारण सेकंदाला दहा ठोक्यांत दोन वाढले तर लगेच कळतं, पाचशेत दोन वाढले तर कळत नाही. थ्रेशोल्ड कमीत कमी का ठेवायचा याचं मूळ इथेच आहे असं आम्हाला वाटतं. साधारण १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून डिस्क्रिमिनेशनवाली, म्हणजे लोखंड-कचऱ्याचा आवाज गाळून टाकणारी मशीनं आली, त्यांत वस्तू लागेपर्यंत पूर्ण शांतता असते. वापरायला सोपं झालं, पण सिग्नल एका ठरावीक पातळीच्या वर गेल्याशिवाय आवाजच येत नाही, म्हणजे त्या पातळीच्या जरा खाली असलेली खोल वस्तू कॉइलखालून (जमिनीवरून फिरवायच्या चकतीखालून) निघून जाते आणि माणसाला पत्ताच लागत नाही.

खोलीचा हिशोब फार निष्ठुर आहे. छोट्या वस्तूपर्यंत जाणारं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाने कमी होतं आणि परत येणारंही तसंच, त्यामुळे कॉइलच्या आकाराच्या मानाने वस्तू बरीच लांब असेल तर अंतर दुप्पट झालं की सिग्नल साधारण चौसष्टावा भाग उरतो. म्हणून शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरसाठी एवढी मारामारी.

थ्रेशोल्ड म्हणजे मागे सतत चालणारी बारीक गुणगुण. ती जेमतेम ऐकू येईल एवढीच ठेवायची, कारण मुळातच मोठ्या आवाजात झालेली छोटी वाढ कानाला जाणवत नाही, आणि अजून खाली नेली तर शांत मशीनसारखाच तोटा. गुणगुण किंचित फुगली तर खाली काहीतरी आहे, एकदम बंद पडली तर बहुतेक नाकारलेलं लोखंड. पिच स्वतःच्या कानाप्रमाणे निवडावा, निरोगी कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झमध्ये जास्त तल्लख असतो पण वय झालं की वरचे स्वर आधी जातात, तेव्हा साठीच्या माणसाने तरुण पोराची सेटिंग जशीच्या तशी उचलू नये.

सेन्सिटिव्हिटी आणि ऑडिओ गेन यांत लोक गल्लत करतात. सेन्सिटिव्हिटी मशीनच्या पकडीशी संबंधित आहे, गेन नंतर येतो आणि आलेला बारीक सिग्नल कानासाठी मोठा करतो. गेन पूर्ण चढवला तर वरचं झाकण आणि खालचं नाणं सारख्याच जोरात वाजतात आणि खोलीचा अंदाज जातो, आणि पूर्ण उतरवला तर खोल वस्तू कुजबुजते पण फरक स्पष्ट राहतो. अनुभवी कानाला मधला गेन पुरतो, कचरा जास्त असेल तर त्याहून कमी. रिकव्हरी स्पीड हळू ठेवला की स्वच्छ जमिनीत खोल वस्तूचा आवाज लांब आणि भरलेला येतो, पण खिळे-पत्रे असलेल्या गावठाणात तो जलद करावा लागतो, नाहीतर लोखंडाच्या शेजारचं नाणं झाकलं जातं.

खानदेशात हे सगळं जमिनीप्रमाणे बदलतं. दख्खनच्या बेसाल्टपासून झालेल्या काळ्या मातीत मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असतं आणि तिची स्वतःचीच कुरकुर चालू असते, तिथे सेन्सिटिव्हिटी वाढवली की वस्तूपेक्षा माती जास्त बोलते, म्हणून आधी ग्राउंड बॅलन्स (मातीचा स्वतःचा आवाज वगळायची सेटिंग), मग सेन्सिटिव्हिटी थोडी खाली, आणि मग थ्रेशोल्ड. रावेर-यावल-चोपड्याकडे तापीचा जाड गाळ आहे, धुळे-नंदुरबारकडे मात्र डाइक म्हणजे खडकाच्या लांब भिंती जमिनीतून आडव्या-उभ्या गेलेल्या आहेत, त्या ओलांडताना बॅलन्स परत बघून घ्यावा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा जुन्या अ‍ॅनालॉग मशीनचा थ्रेशोल्ड सरकत राहतो, अधूनमधून परत लावायचा. शेतातल्या मोटारी, विजेच्या तारा आणि कुंपणाची झटका मशीन यांचा खडखडाट वेगळा ओळखायला शिकावं, कॉइल स्थिर धरूनही आवाज चालूच राहिला तर तो जमिनीतला नाही.

खरा बारीक आवाज मऊ असतो, कडा गोल असतात, आणि दोन्ही दिशांनी, मग नव्वद अंशांत फिरूनही त्याच जागी परत येतो. ‘हॉट रॉक’ म्हणजे खनिज जास्त असलेल्या दगडाचा किंवा मातीचा आवाज पसरट येतो आणि जागा बदलतो.

हेडफोन तारेचाच बरा. साध्या ब्लूटूथला दीडशे मिलिसेकंद उशीर धरला आणि कॉइल सेकंदाला एक मीटर फिरवली तर आवाज येईपर्यंत ती पंधरा सेंटिमीटर पुढे गेलेली असते.

वापर मुख्यतः निंदणी-कापणीत शेतात पडलेलं जोडवं, नथ, अंगठी शोधायला, मातीखाली गेलेला व्हॉल्व किंवा पाइपाचा जोड शोधायला. प्रकाशे, बहाळ, थाळनेर अशा जुन्या वस्तीच्या जागी मशीन घेऊन खणणं वेगळी गोष्ट, संरक्षित जागेत परवानगीशिवाय खणता येत नाही, आणि १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा गुप्त ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.