कणा ताठ नाही, कंबर वळलेली आहे

‘कणा ताठ झाला आणि माणूस दोन पायांवर आला’ हे वाक्य मी आता वाचूसुद्धा शकत नाही. आपला कणा ताठ नाहीच. मानेशी आणि कमरेशी तो पुढे बाक घेतो, पाठीशी मागे. शिवाय दोन पायांवर उभा तर चिंपांझीही राहतो. हातात फळं असली की थोडा चालतोही.

मज्जारज्जू जिथून बाहेर पडतो ते कवटीचं भोक खाली सरकलं, पायाचा अंगठा बाकी बोटांच्या रांगेत आला, तळव्याला कमान आली, हे पाठ्यपुस्तकी फरक खरे आहेत आणि चित्रात लगेच दिसतात. घोळ होतो तो खुब्यापाशी.

चालताना बहुतेक वेळ आपण एकाच पायावर असतो. उजवा पाय उचलला की त्या बाजूचा आधार जातो, कंबर उजवीकडे कलंडायला हवी. कलंडत नाही. डाव्या कमरेच्या हाडाखाली, कडेला बोटं दाबून धरा आणि उजवा पाय उचला. बोटांखाली टणक होतो तो स्नायू कंबर सावरून धरतो.

चिंपांझीलाही हा स्नायू आहे. पण त्याच्या श्रोणीची, म्हणजे कमरेच्या हाडांच्या कड्याची, पाती उंच, चपटी आणि पाठीलगत असतात, त्यामुळे तो स्नायू खुब्याच्या मागे पडतो. आपली पाती बुटकी आणि कुशीकडे वळलेली, म्हणून स्नायू बरोब्बर बाजूला येतो. चिंपांझीला मग दर पावलाला अख्खं धड टेकलेल्या पायावर झोकावं लागतं. हा स्नायू दुबळा पडलेला माणूसही तसाच झुलत चालतो. हाडांचे डॉक्टर त्याला ट्रेंडेलेनबर्ग चाल म्हणतात.

याच्या जोडीला मांडीचं हाड. आपलं खुब्यापासून गुडघ्याकडे आत तिरकं उतरतं, म्हणून पाऊल शरीराच्या मध्याजवळ पडतं. चिंपांझीचं जवळपास सरळ, पावलं फाकलेली.

इथिओपियात हदार येथे १९७३ साली सापडलेला मानवकुळातल्या प्राण्याचा जीवाश्म गुडघा असाच तिरका निघाला. पुढच्याच वर्षी तिथे सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची लूसी, म्हणजे त्याच कुळातल्या एका मादीचा अर्धवट सांगाडा, मिळाली; तिची श्रोणी बुटकी, रुंद, पाती बाजूला वळलेली. तिच्या जातीचा मेंदू मात्र आपल्या साधारण एक तृतीयांश. तरी ‘मेंदू वाढला म्हणून माणूस उभा राहिला’ असं लिहिणारे आहेतच.