डोमेन नाव तक्रार : प्रतिवादीचे उत्तर

एखादे डोमेन नाव (संकेतस्थळाचा पत्ता) आपल्या ट्रेडमार्कवर अतिक्रमण करते अशी तक्रार झाल्यावर डोमेनधारक लवादापुढे जी लेखी बाजू मांडतो, ती म्हणजे प्रतिवादीचे उत्तर. .कॉम, .नेट, .ऑर्ग यांसारख्या डोमेनांबाबतचे तंटे इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहणाऱ्या 'आयकॅन' या संस्थेने १९९९ मध्ये स्वीकारलेल्या तंटा निवारण धोरणानुसार (यूडीआरपी) चालतात. डोमेन नोंदवताना ज्या अटी आपण न वाचताच मान्य करतो, त्यांतच हे धोरण असते. म्हणून या प्रक्रियेला नकार देता येत नाही. तक्रारी जागतिक बौद्धिक संपदा संघटना (वायपो) आणि इतर मोजक्या मान्यताप्राप्त संस्था हाताळतात.

तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : नाव ट्रेडमार्कसारखेच किंवा गोंधळ उडावा इतके जवळचे आहे; धारकाचा त्या नावावर हक्क किंवा रास्त हितसंबंध नाही; आणि नोंदणी व वापर दोन्ही वाईट हेतूने झाले आहेत. यातली एक जरी सिद्ध झाली नाही, तरी तक्रार फेटाळली जाते. पहिल्या मुद्द्यावर पाने खर्ची घालण्यात फारसा अर्थ नसतो. तिथे दोन नावे शेजारी ठेवून पाहिली जातात, एवढेच.

खरी लढत उरलेल्या दोन मुद्द्यांवर होते आणि ती बहुतांशी तारखांची असते. तंट्याची सूचना मिळण्यापूर्वीच त्या नावाने प्रामाणिक व्यवसाय सुरू होता किंवा त्याची तयारी चालली होती, असे दाखवता आले तर रास्त हितसंबंध मानला जातो. यासाठी जुनी बिले, करार, ईमेल, संकेतस्थळाच्या जुन्या प्रती कामी येतात. नुसते 'माझा हेतू चांगला होता' हे वाक्य नाही. धारक त्या नावाने ओळखला जात असेल, किंवा नफ्यासाठी ग्राहकांची दिशाभूल न करता टीका वा माहितीसाठी नाव वापरत असेल, तर तोही बचाव ठरतो. ट्रेडमार्कचा जन्मच डोमेन नोंदणीनंतरचा असेल, तर वाईट हेतूचा आरोप सहसा टिकत नाही. गायक स्टिंग यांची स्टिंग.कॉमवरची तक्रार २००० मध्ये फेटाळली गेली : शब्द इंग्रजीतला सर्वसामान्य होता आणि वाईट हेतू सिद्ध झाला नाही. उलट, 'मी संकेतस्थळ सुरूच केले नाही' हे सांगून सुटका होतेच असे नाही. त्याच वर्षीच्या टेल्स्ट्रा या ऑस्ट्रेलियन दूरसंचार कंपनीच्या प्रकरणात नाव नुसते अडवून ठेवणे हाही वाईट हेतूने केलेला वापर ठरला.

उत्तरासाठी २० दिवस मिळतात. मागितल्यास आणखी ४ दिवस कारण न विचारता दिले जातात. उत्तर दाखल करायला शुल्क नाही. मात्र तक्रारदाराने एकच पंच मागितला असताना प्रतिवादीला तीन हवे असतील, तर पंचांच्या शुल्काचा निम्मा भार त्याच्यावर येतो. गप्प राहिल्याने तक्रार आपोआप मंजूर होत नाही, पण पंच त्या मौनातून निष्कर्ष काढू शकतात. दरम्यान रजिस्ट्रार (डोमेनची नोंदणी करणारी कंपनी) डोमेन गोठवतो, त्यामुळे ते घाईने दुसऱ्याच्या नावावर करण्याची वाट बंद होते. प्रतिवादीला त्रास देण्यासाठी किंवा डोमेन बळकावण्यासाठीच तक्रार केली असेल, तर पंच निवाड्यात तशी नोंद करतात. दंड मात्र नाही.

पंच डोमेन रद्द करू शकतात किंवा तक्रारदाराकडे सोपवू शकतात; नुकसानभरपाई देववू शकत नाहीत. हरलेल्या धारकाने १० कामकाजी दिवसांत, तक्रारदाराने तक्रारीत मान्य केलेल्या अधिकारक्षेत्रातील न्यायालयात दावा दाखल केल्याचा पुरावा रजिस्ट्रारला दिला, तर निवाड्याची अंमलबजावणी थांबते.